वाकड्या डोळ्याचा पोपट

जिल्हा आला आणि पाणी गेलं, असं रत्नम्मा येता-जाता म्हणायच्या. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा जुन्या जिल्ह्यातच राहिला, असं त्यांचं ठाम मत. तो तिकडंही पडत नव्हता, पण हे रत्नम्मांना सांगायची कुणाची छाती होती?

गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. घरात रत्नम्मा, मुलगा विरूपाक्ष, लग्नाला आलेली मुलगी महानंदा आणि सून शिवम्मा. ही गोष्ट शिवम्माची. विरूपाक्ष नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून होता. गरीब गाय, आईपुढं मान खाली, साहेबापुढं त्याहून खाली. त्यानं आयुष्यात धाडस म्हणून एकच केलं. कचेरीतलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा कुणालाही न विचारता एक टेबल घेतलं आणि हातगाड्यावर घालून घरी आणलं.

टेबल पाहून रत्नम्मांनी कपाळाला हात लावला. वर शाईचे डाग, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि एक पाय आखूड. "आपन आडनीवर ताट ठिवून जेवणारी मानसं. ह्याच्यावर काय ठिवायचं? तुझं डोस्कं?"

विरूपाक्षनं आखूड पायाखाली विटेचा तुकडा सरकवला. रत्नम्मा टेबलाभोवती दोनदा फिरल्या आणि मग एकदम सुनेकडं वळल्या. "शिवम्मा, तुझ्या रुखवतात त्यो पोपटाचा टेबलक्लॉथ व्हता न्हवं? काढ बरं."

तीन वर्षं तो ट्रंकेच्या तळाशी होता आणि तिथंच राहावा अशी शिवम्माची रोजची प्रार्थना होती.

रुखवताचा रिवाजच मुळी मोठा मजेशीर. ज्या गावात औषधाला टेबल सापडायचं नाही, त्या गावात नवरीनं भरलेला टेबलक्लॉथ मात्र रुखवतात पाहिजेच. शिवम्माचं माहेर मुखेड तालुक्यातलं. तिच्याही रुखवतात तो होता, आणि नुसता होता म्हणून भागत नाही. अख्ख्या मांडवानं तोंडात बोट घातलं होतं. पांढऱ्या मॅटीच्या कापडावर कडेनं करडईची फुलं, पिवळी आणि केशरी, आणि चारी कोपऱ्यांत पोपटांच्या जोड्या. फुलं इतकी हसरी की कापड झटकलं तर पाकळ्या खाली पडतील असं वाटावं.

टेबलावर तो अंथरला आणि रत्नम्मांचा चेहराच पालटला. त्या हटकून खोट काढणाऱ्या बाई. पण त्यांनी कापडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापुढं घर लई उदास दिसून राहिलं गं."

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. टेबलक्लॉथ पिशवीत घालून रत्नम्मा रंगाच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "ह्या पोपटाच्या पाठीचा रंग दे." दुकानदारानं तीन हिरवे दाखवले. तिन्ही नापास. शेवटी त्यानं पोपटाच्या पाठीशी जुळेपर्यंत रंग कालवला आणि सुटला बिचारा. भिंती पोपटी झाल्या. करडईच्या फुलांना जुळतील असे पिवळे पडदे आले. पोपटाच्या चोचीसारख्या लाल मण्यांचं तोरण महानंदानं ओवलं. खिडकीच्या गजांनाही लाल रंग बसला. गल्लीत तेव्हा टँकर चार-चार दिवसांनी यायचा, दोन घागरींसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, आणि ही बाई रंगात पाणी ओतत होती. शेजारच्या चांगुणाबाईनं ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "मानसाला प्यायला न्हाई, आन् म्हातारी भिंतीला पाजून राहिली." पण घर झाल्यावर बघायला पहिली तीच आली.

मग रोज कुणी ना कुणी यायचं. रत्नम्मा टेबलापाशी उभ्या राहून सांगायच्या, "आमच्या सुनंनं भरलंय. सोताच्या हातानं." शिवम्माच्या हाताला चव नव्हती, तीन वर्षांत पाळणा हललेला नव्हता, आणि हे दोन्ही रत्नम्मांनी तिला वेळोवेळी ऐकवलं होतं. टेबलक्लॉथनं ते सगळं धुऊन काढलं. घरात पहिल्यांदाच तिला 'शिवम्मा'च्या जागी 'आमची शिवम्मा' ऐकू यायला लागलं. आणि प्रत्येक वेळी ती काही तरी निमित्त काढून आत जायची.

कारण त्या कापडावरचा एक टाका सोडला, तर काहीही तिचं नव्हतं.

ते सगळं पंचशीलानं भरलं होतं. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या. पंचशीलाचं घर गावाच्या त्या टोकाला, बौद्ध वस्तीत. तिची बोटं सुईवर अशी चालायची की बघत राहावं. शिवम्माला साधं बटण लावता यायचं नाही. लग्न ठरलं, मॅटी आणली, आणि शिवम्मा रडकुंडीला आली. तेव्हा पंचशीलानं मॅटी आपल्या दप्तरात घातली. दुपारच्या उन्हात, दाराच्या उंबऱ्यावर बसून तिनं ते भरलं. शिवम्माच्या आईला वाटायचं, पोरगी मैत्रिणीकडं बसून भरते आहे. कापड परत करताना पंचशीलानं एका पोपटाचा डोळा कोरा ठेवला होता. म्हणाली, "ह्यो डोळा तू भर. येक तरी टाका तुझा पायजे, म्हंजे सगळंच खोटं व्हनार न्हाई."

शिवम्मानं जीभ दातात धरून तो भरला. डोळा वाकडा झाला. दोघी पोट धरधरून हसल्या.

लग्नात मात्र हसू आलं नाही. रुखवताभोवती बायका जमल्या, "नवरीनं सोता भरलंय व्हय?" असं कुणी तरी विचारलं, आणि शिवम्मा मान खाली घालून बसून राहिली. मान खाली घालायचा दिवसच होता तो, कुणाला काही वाटलं नाही. मांडवाच्या कडेला, बांबूला धरून पंचशीला उभी होती. तिनं ऐकलं. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा ती तिथं नव्हती.

आता त्या वाकड्या डोळ्याच्या पोपटावर शिवम्मा पितळी फुलदाणी ठेवायची. रत्नम्मा फुलदाणी मधोमध सरकवायच्या. त्यांची पाठ वळली की शिवम्मा ती पुन्हा कोपऱ्यात न्यायची. असं घरात महिनोन्महिने मुकाट्यानं चाललं होतं.

मग महानंदाचं जमलं. मुलगा उदगीरचा, घर खातंपितं. सुपारी फोडायला आलेल्या विहीणबाईंनी टेबलावरचे पोपट पाहिले आणि भुवया उंचावल्या. "आमच्याकडं असलं कुनाला येत न्हाई बगा." झालं! रत्नम्मांनी तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला, "म्हानंदाच्या रुखवतात असलाच ठिवते की. शिवम्मा भरंल."

दुसऱ्या दिवशी मॅटी आली, दोऱ्याच्या लडी आल्या. लग्न वैशाखात.

शिवम्मा भरायची आणि उसवायची. डोकं दुखतं म्हणायची, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणायची. दाराला कडी लावून बसायची आणि जुन्या पोपटाचे टाके मोजून नव्या कापडावर उतरवायला बघायची. पोपटाचं पोट यायचं, पण चोच कावळ्याची व्हायची. एकदा महानंदानं विचारलं, "वैनी, हात बसंना झाला का तुमचा?" पोरीनं सरळ मनानं विचारलं होतं, पण शिवम्माला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि एका संध्याकाळी विरूपाक्ष चपला काढता काढता म्हणाला, "आमच्या कचेरीत टायपिंगला एक नवी बाई आलीय. तुझ्या गावची. म्हनली, शिवम्मा माझी मैतरीन. रविवारी चहाला बोलवलंय मी."

"नाव काय?" शिवम्मानं विचारलं, पण उत्तर तिला आधीच माहीत होतं.

रविवारपर्यंत तिनं कशी कळ काढली ते तिचं तिला ठाऊक. दोन भीत्या तिला दोन्हीकडून ओढत होत्या. पंचशीला टेबलाकडं बघून बोलली तर काय, ही एक. आणि रत्नम्मा पंचशीलाला काय वागणूक देतील, ही दुसरी. खिडकीत एक कान तुटलेली कपबशी वेगळी ठेवलेली होती. ती कुणाकुणासाठी निघते हे शिवम्मानं तीन वर्षं पाहिलं होतं, आणि तीन वर्षं ती काही बोलली नव्हती. टेबलक्लॉथ काढून ठेवावा असंही तिच्या मनात आलं. पण त्या घरात टेबलक्लॉथ काढणं म्हणजे देवळातला देव उचलण्यासारखं होतं.

पंचशीला आली. फिकी निळी साडी, खांद्याला पिशवी, अंगानं थोडी भरलेली. तिनं वाकून "नमस्कार मावशी" केला आणि विरूपाक्षनं पुढं केलेल्या खुर्चीवर बसली. समोरच टेबल. शिवम्मा आतल्या दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती. तिनं पाहिलं, पंचशीलाची नजर कापडावर पडली, भिंतीवर गेली, पडद्यांवर, तोरणावर, आणि हळूहळू परत कापडावर आली. तिनं बोटाच्या टोकानं करडईचं एक फूल चाचपलं.

"गाव तर कळलं," रत्नम्मा म्हणाल्या. "आडनाव काय म्हनला?"

"सोनकांबळे," पंचशीला म्हणाली. जसं आहे तसं, आवाज न चढवता, न उतरवता.

रत्नम्मांचा चेहरा फार काही बदलला नाही. त्या उठल्या, आत आल्या, आणि खिडकीतली कान तुटलेली कपबशी काढून शिवम्मासमोर ठेवली. कुणी रागावलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. ते इतकं सवयीचं होतं की त्यातच सगळं आलं. चहा झाला. रत्नम्मांनी स्वतः तो कप बाहेर नेला आणि टेबलावर न ठेवता खुर्चीशेजारी, खालच्या फरशीवर ठेवला. विरूपाक्ष आपल्या कपात असा बघत होता जसं काही तळाशी नोकरीचा हुकूम लिहिला आहे.

आणि मग, अवघड वाटलं म्हणून असेल किंवा सवयीनं असेल, रत्नम्मांनी टेबलावर हात ठेवला. "हे आमच्या सुनंनं भरलंय बरं का. सगळं घर आमी ह्याच्यावरून सजवलं. आता नंदंसाठी दुसरं भरून राहिली."

पंचशीलानं मान वर करून शिवम्माकडं पाहिलं. पंचशीलानं हळूच कोपऱ्यातली फुलदाणी उचलली, खाली पाहिलं आणि ती परत ठेवली. तिच्या ओठांवर किंचित हसू आलं. "लई चांगलं भरलंय मावशी," ती म्हणाली. "हात लई चांगला हाय त्येंचा."

ती सोडवत होती. पुन्हा एकदा. फरशीवरचा चहा निवत होता, आणि ही बाई पुन्हा एकदा आपला टाका शिवम्माच्या नावावर करून देत होती. शिवम्माला मांडवातला बांबू आठवला. ती चौकट सोडून पुढं आली.

"हे म्या न्हाई भरलं, आत्याबाई," ती म्हणाली. "हिनं भरलंय. सगळं. माझा येकच टाका हाय, त्यो वाकडा."

मग रत्नम्मा उठल्या आणि त्यांनी एका झटक्यात टेबलक्लॉथ ओढला. फुलदाणी खाली पडून गडगडत कोपऱ्यात गेली. कापड छातीशी कवटाळून त्या न्हाणीत गेल्या. सगळ्यांना कळलं, त्या ते धुणार. इतके महिने त्यावर त्यांच्या पूजेचं तबक ठेवलं होतं, बेलाची पानं ठेवली होती.

न्हाणीतलं पिंप वाजलं. रिकाम्या पिंपाचा आवाज घरभर घुमतो. मग हंड्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, आणि पुढं काहीच नाही. शिवम्मा धावत दाराशी गेली. टँकर आला नव्हता. हंड्याच्या तळाला तांब्या-दोन तांब्या पाणी होतं, आणि त्यातच सगळ्यांची तहान आणि सकाळची लिंगपूजा होती. रत्नम्मा एका हातात कापड आणि एका हातात तांब्या घेऊन उभ्या होत्या. ते पाणी कापडावर ओतावं तर पूजा राहते, न ओतावं तर कापड तसंच राहतं. इतकी जुनी, जबर बाई, पण त्या क्षणी तिला काय करावं ते उमगत नव्हतं.

पंचशीला शिवम्माच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं हात पुढं केला.

"पानी वाया घालू नका मावशी. द्या इकडं. माझंच हाय ते."

रत्नम्मांनी दिलं. दुसरं काय करणार? पंचशीलानं कापडाची नीट चौपदरी घडी केली, पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या. शिवम्मा तिच्यामागं गल्लीपर्यंत गेली.

"पंचशीला, माझं चुकलं."

"कपाचं मला काही वाटत न्हाई," पंचशीला म्हणाली. "तसले कप लई बगितले. पन त्या दिवशी मांडवात तू बोलशील असं वाटलं व्हतं मला. म्या तिथं उभी ऱ्हाऊन वाट बगितली." तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. "आज बोललीस. बरं केलंस. पन आज लगेच मी हसून दाखवावं, असं म्हनू नको." आणि ती गेली.

घरात शिवम्मा परत आली तेव्हा शाईच्या डागांचं टेबल उघडं पडलं होतं. भोवती पोपटी भिंती, पिवळे पडदे, लाल तोरण. नवरदेव पळून गेलेल्या मांडवासारखं दिसत होतं सगळं. रत्नम्मा भिंतीला टेकून बसल्या होत्या. शिवम्माला वाटलं होतं, विटाळावरून बोलतील. त्या दुसऱ्याच गोष्टीवर भडकल्या होत्या.

"रोज सकाळी तळहातावर लिंग घिऊन बसते मी. आन् त्याच तोंडानं गल्लीभर खोटं सांगत फिरले? तुझ्यापायी?"

शिवम्मानं फरशीवरची कपबशी उचलली. चहाला कुणी तोंड लावलं नव्हतं, वर साय धरली होती. तिनं तिथंच उभं राहून तो गार चहा पिऊन टाकला. आणि त्या दिवसापासून ती आपला चहा त्याच कान तुटलेल्या कपातून प्यायला लागली. रत्नम्मा बघायच्या. एकदा म्हणाल्या, "दुसरा कप न्हाई का घरात?" शिवम्मा म्हणाली, "ह्योच बरा हाय मला." पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि तो कप पुन्हा कधी खिडकीत गेला नाही.

नव्या मॅटीवर ती भरत राहिली. आता दार उघडं टाकून भरायची. उसवायचं तिनं सोडून दिलं होतं.

लग्नाची तारीख धरायला उदगीरची मंडळी पुन्हा यायची ठरली तेव्हा घराचं धाबं दणाणलं. विहीणबाई पोपट विचारणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. महानंदा रडवेली झाली. "आई, धुवायला टाकलंय म्हना."

"पानी कुठंय धुवायला?" रत्नम्मा म्हणाल्या. "त्येंना काय डोळे न्हाईत?"

विरूपाक्षनं पंचशीलाकडून एक दिवसापुरता मागून आणू का, असं पुटपुटून पाहिलं. आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो वीट सरळ करायला टेबलाखाली गेला.

मंडळी आली. पाणी झालं, चहा झाला. विहीणबाईंनी कप टेकवायला टेबलाकडं हात नेला आणि तो तसाच थांबला. "अगं बाई! पोपट कुठं गेले?"

शिवम्मा आतल्या दारात होती. महानंदानं तिचा दंड घट्ट धरला. आत्याबाई आता जे बोलतील त्यावर पोरीचं लग्न टांगलेलं आहे, आणि ही टांगती तलवार आपण लटकवली आहे, हे शिवम्माला लख्ख दिसत होतं. एक छोटं खोटं, आणि सगळं निभावलं असतं. त्या क्षणी तिला तेच हवं होतं, लाज वाटली तरी तेच हवं होतं.

"ज्याचे व्हते त्येनं नेले," रत्नम्मा म्हणाल्या.

"म्हंजी? सुनंनं भरले व्हते न्हवं?"

"न्हाई. मला तसं वाटलं व्हतं, म्हनून तुमाला तसं सांगितलं. पंचशीला सोनकांबळेनं भरलं व्हतं ते. आमच्या शिवम्माची मैतरीन." आडनाव त्यांनी सावकाश, पूर्ण उच्चारलं. बसलेल्यांपैकी कुणाला ते कळलं नाही असं नव्हतं.

विहीणबाईंनी कप हातातच धरला. आपल्या नवऱ्याकडं पाहिलं. तो पडद्याकडं बघत होता. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि गल्लीतून घागरींचा एकच गलका उठला, तरी या घरातून कुणी उठलं नाही. शेवटी विहीणबाईंनी तो कप शाईच्या डागावर टेकवला.

"काय का असंना," त्या म्हणाल्या. "पोपट झ्याक व्हते. आमच्यासाठी येक भरून देती का इचारा की तिला."

"तिला कुठला येळ?" रत्नम्मा म्हणाल्या. "सरकारी नोकरीला हाय ती." आणि आतल्या दाराकडं वळून ओरडल्या, "शिवम्मा, तुझ्या हातचं आन गं ते. जेवढं झालंय तेवढं आंथर."

शिवम्मानं अर्धवट मॅटी आणून उघड्या टेबलावर पसरली. एकच पोपट झाला होता. पोट बरं, चोच कावळ्याची, आणि डोळा वाकडा. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"हे मातर हिनंच भरलंय," रत्नम्मा म्हणाल्या आणि घागर उचलून टँकरकडं गेल्या.